ऑगस्टचा फळा

"बाई, ह्यो नकली चंद्र लाकडाचा करणार का लोखंडाचा?"

ज्ञानू सुतार शिडीवर उभा होता आणि तोंडातले दोन खिळे न काढताच बोलत होता. मी खाली खडू घेऊन थांबले होते. एकोणीसशे पंचावन्न सालच्या ऑगस्टची पाच-सहा तारीख असेल. अमेरिका आणि रशिया आभाळात माणसानं बनवलेला चंद्र सोडणार अशी बातमी आली होती आणि मी ती नुकतीच वाचनालयाच्या फळ्यावर लिहिली होती.

"लोखंडाचाच असेल," मी म्हटलं. "तुला काम मिळायचं नाही त्यात."

"मग लाकडाचा करा म्हणावं. वरनं पडला तर डोस्की तरी फुटणार न्हाईत."

समोरच्या खिडकीतून त्याची बायको शेवंता हसली. सुताराचं घर वाचनालयाच्या अगदी समोर होतं, मध्ये फक्त एक बोळ. तिला आठवा महिना सरून नववा लागला होता. दोन वेळा कूस उजवता उजवता राहिली होती. एक मूल सातव्या महिन्यातच गेलं होतं, दुसरं जन्मून तिसऱ्या दिवशी. या वेळी सुईणीनं बजावून ठेवलं होतं की हिला ओझं उचलू देऊ नका आणि कसला धक्का बसू देऊ नका. म्हणून शेवंता दिवसभर खिडकीशी बसून असे आणि माझा फळा वाचत असे. सातवी शिकलेली होती, वाचनाची भूक मोठी.

आमचं गाव कोल्हापूरहून आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. तिथला पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. फळा ओसरीच्या भिंतीवर असूनही भिजायचा. म्हणून वाचनालयाचे चिटणीस पारिसाअण्णा चौगुले यांनी ज्ञानूला फळ्यावर लाकडी छपरी करायला सांगितली होती. फळाही मूळ त्याच्याच हातचा.

त्या फळ्याचं गावात काय वजन होतं, ते आता सांगून कुणाला पटायचं नाही. त्याचे तीन भाग होते. उजवीकडे जग, मध्ये देश आणि डावीकडे गाव. गावाच्या भागात जन्म आणि मृत्यू. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळा फळा पुसून त्यावर अख्ख्या महिन्याचा गोषवारा लिहायचा, त्याला आम्ही 'महिन्याचा फळा' म्हणायचो. तो जाड वहीत उतरवून घ्यायचा आणि पहिल्या तारखेला पुन्हा कोरी पाटी. 'फळ्यावर आलं का?' हा गावातला शेवटचा प्रश्न असे. एका म्हाताऱ्याच्या जावयानं वेशीतून आल्यावर आधी फळा वाचला आणि मग गळा काढला, असं लोक हसून सांगत.

लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी द्वारका पोरे, शिंप्याची मुलगी, वय तेवीस, मुलींच्या शाळेत मास्तरीण. माझं अक्षर चांगलं होतं आणि ते मला माहीत होतं. फळ्यावर कधी खोटं लिहिलं नाही याचा मला ताठा होता. ताठाच म्हणायला हवा.

ज्ञानूनं वरची आणि उजवीकडची फळी ठोकली आणि खाली उतरला.

"डावीकडची रंधून ठेवलीया," तो म्हणाला. "पर आता बसवाय येळ न्हाई. आलो की बसवतो."

"कुठून आलास की?"

त्यानं आवाज उतरवला, पण शेवंतेला ऐकू जाईल इतपतच. "गोव्याला जातोय बाई. म्या आन् सदू कोष्टी. पंधरा तारखंला झेंडा घेऊन हद्दीत शिरायचं, मार खायचा आन् माघारी यायचं. सत्याग्रह हाय, आपण हात उचलायचा न्हाई. बारशाच्या आत घरात."

"आणि हिचं काय?"

"तिनंच जावा म्हटलंय," तो म्हणाला. "इचारा की तिला."

मी खिडकीकडे पाहिलं. शेवंता आता हसत नव्हती, पण मान हलवून होय म्हणाली.

"जन्माच्या खान्यात जागा धरून ठेवा म्हंजे झालं," ज्ञानू म्हणाला आणि शिडी खांद्यावर घेऊन बोळ ओलांडून गेला. दहा तारखेला सकाळच्या मोटारीनं दोघं निघाले.

पुढचे पाच दिवस शेवंता मी खडू हातात घेतला की विचारायची, "बाई, गोव्याचं काय?" आणि मी जे असेल ते लिहायची. अमक्या गावाहून इतके निघाले, तमक्या ठिकाणी सभा झाली. संध्याकाळी दिवा लागायच्या वेळी ती सगळा फळा मोठ्यानं वाचून सासूला ऐकवायची. सासू, तानुमावशी, अक्षरशत्रू. सूप घेऊन उंबऱ्याशी बसायची आणि पाखडता पाखडता मत द्यायची. जिनिव्हा नावाच्या गावी अणूच्या शक्तीची मोठी परिषद भरली आहे आणि तिचा अध्यक्ष आपल्या देशातला आहे, हे ऐकून ती म्हणाली होती, "मग जेवाया तरी बरं घालत असतील त्याला तितं."

सोळा तारखेला संध्याकाळच्या मोटारीनं वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला आणि त्याच मोटारीतून सदू कोष्टी उतरला. डोक्याला फडकं बांधलेलं. एकटा. मी गठ्ठा घ्यायला थांब्यावर गेले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यामागून वाचनालयाच्या मागच्या खोलीत आला. अण्णा तिथेच होते.

"माझ्या पुढं दोन पावलं हुता," सदू म्हणाला. "झेंडा त्याच्याकडं हुता. गोळी हितं लागली." त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "बसला खाली. मला म्हटला, सदा, लई दुखतंय. मग काय बोलला न्हाई."

"आणि त्याला आणलं नाही?" अण्णांनी विचारलं.

"आणू दिलं न्हाई, अण्णा. तिकडंच ऱ्हायला."

अण्णा उठले आणि बोळानं न जाता परड्याच्या बाजूनं तानुमावशीकडे गेले. सदूला मागच्या दारानं त्याच्या बहिणीच्या घरी पाठवलं. मी वर्तमानपत्र उघडलं. गोव्याच्या हद्दीवर ठिकठिकाणी गोळीबार, कितीतरी ठार, पहिलं पान भरून. ज्ञानूचं नाव नव्हतं. कुणाला ठाऊक असणार त्याचं नाव?

दुसऱ्या दिवशी सकाळी तानुमावशी शाळेत आली. वर्ग भरलेला होता, म्हणून दाराबाहेर पावसातच उभी राहिली. मी बाहेर गेले. तिचे डोळे कोरडे होते.

"बाई, पोरीला कळू देऊ नका," ती म्हणाली. "सुटका हुस्तवर. पंधरा-वीस दिस. गल्लीत समद्यांस्नी सांगितलंया मी. पर गल्लीचं काय, गल्ली गप बसंल. तुमचा फळा गप बसाय पायजे."

"मावशी, तुम्ही कशा..."

"माझं ऱ्हाऊ द्या. माझा ल्योक गेला त्यो गेला. त्याचं पोर तरी जगू द्या."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

अण्णांना ते पटलं नाही. धर्मानं जैन, धंद्यानं कापडदुकानदार आणि दोन्हीकडे मापात कसूर न करणारा माणूस. "फळ्यावर खोटं लिहायचं नाही हे आपलं ठरलंय, द्वारका."

"खोटं कुठं लिहितेय? लिहायचं नाही, एवढंच."

"ते वेगळं कसं?"

"वेगळं आहे," मी ठासून सांगितलं. तेव्हा मला ते खरोखरच वेगळं वाटत होतं.

मग मी हुशारी केली. ज्ञानूचं नाव तर नाहीच, पण गोळीबार नाही, हद्द नाही, सत्याग्रह नाही, गोवा हा शब्दच नाही. गोव्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून जगाचा भाग मी दाबून भरला. एक मोठे जर्मन लेखक झुरिकला वारले होते, ते लिहिलं. सुदानात फौजेच्या तुकडीनं बंड केलं, ते लिहिलं. मोरोक्कोत दंगल होऊन माणसं मारली गेली. अमेरिकेत वादळानं नद्यांना पूर आले, पूल वाहून गेले. इतकी सुबक अक्षरं मी आयुष्यात कधी काढली नसतील. बाजाराच्या दिवशी ज्ञानूच्या दुखवट्यानं दुकानं बंद राहिली, तर शेवंतेला सांगितलं की ओढ्याला पाणी आलंय, गाड्या आल्याच नाहीत.

सतरा तारखेला तिनं फळा बराच वेळ वाचला. मी खडूचा डबा आवरत होते आणि तिच्या नेहमीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मनात घोळवत होते. तिनं प्रश्न विचारलाच नाही. खिडकीचं एक दार ओढून घेतलं, वारा येतोय म्हणाली. मला हायसं वाटलं.

पुढं दहा दिवस तिनं गोव्याचं नाव काढलं नाही. "बाई, सुदान कुठल्या अंगाला आलं?" असं विचारायची. "पूल व्हावून गेला म्हंजे पलीकडच्या माणसांनी काय केलं असंल?" असं विचारायची. कपाळाला कुंकू, केस विंचरलेले, तोंडावर हसू. संध्याकाळी फळा वाचून दाखवायची आणि तानुमावशी सूप घेऊन बसायची. "आमचा ज्ञानू तिकडंच गुतला म्हणायचा. चार-आठ दिस ठेवत्यात म्हणं तुरुंगात," ती मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायची. ती डावीकडची रंधलेली फळी तिनं दारामागं उभी करून ठेवली होती आणि कुणी हात लावला तर ओरडायची, "ऱ्हाऊ दे ती. आला की बसवंल." मी हे सगळं समोरून पाहत होते आणि म्हणत होते, काय जिवट बाई आहे. दिवसातून तीन-तीनदा ती नदीला धुणं घेऊन जायची. घरात तीन माणसांचंही धुणं नव्हतं. ती कशाला जाते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

अठ्ठावीसला, रविवारी पहाटे, शेवंतेला मुलगी झाली. लहानशी होती, पण रडणं खणखणीत. बोळ ओलांडून ते वाचनालयापर्यंत आलं, तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला.

एकतीस तारीख बुधवारी आली. महिन्याचा फळा लिहायचा दिवस. तानुमावशीनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं की बाळंतिणीचे बारा दिवस जाऊ देत, मग मी तिला सांगीन, तोवर नको. अण्णा म्हणाले, "महिना एकदा बंद झाला की उघडता येत नाही, द्वारका. ऑगस्ट संपला की त्या माणसाला जागा राहायची नाही."

"सप्टेंबरात लिहू."

"तो सप्टेंबरात मेला का?"

मी खडूचा डबा घेऊन बाहेर आले. दुपार कलली होती, झड जरा थांबली होती. तानुमावशी नुकतीच धुण्याची बादली घेऊन नदीकडे गेली होती. मी जग लिहिलं, देश लिहिला आणि डावीकडे वळले. जन्माच्या खान्यात लिहिलं, 'अठ्ठावीस ऑगस्ट. श्री. ज्ञानू मारुती सुतार यांना मुलगी.'

"बाई."

शेवंता खिडकीत उभी होती. ओली बाळंतीण, अंगावर घोंगडी, गजांना धरून. मी पलीकडे गेले.

"उठलीस कशाला? झोप जा."

"त्ये श्री. पुसा," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"सतरापासनं तुमच्या फळ्यावर गोवं न्हाई, बाई," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "सोळापत्तर रोज हुतं. सुदानात गोळ्या, मोरोक्कोत गोळ्या, समदं लिवलंसा. ज्येचं आमाला काय नाव घेता येत न्हाई तितलं मडं लिवलंसा. आन् आमच्या घरचं माणूस जितं गेलं तितलं एक अक्षर न्हाई. मार बसला असता तर लिवला असता. तुरुंगात असतं तर लिवलं असतं. मग काय झालं असंल की तुमास्नी लिवता आलं न्हाई?"

माझ्या हातातला खडू मोडला.

"सतरालाच कळलं तुला?"

"फळा वाचला आन् कळलं."

"मग बोलली का नाहीस, शेवंता? एवढे दिवस... कुंकू लावून..."

"आत्याबाई रोज उठल्या की पैलं माझं कपाळ बघायच्या," ती म्हणाली. "कुंकू दिसलं की च्या घ्यायच्या. न्हाईतर त्यांच्या घशाखाली घोट गेला नसता. ल्योक मेलेली बाई माझ्यासाठी हसत हुती. त्यांस्नी वाटत हुतं मला ठावं न्हाई. मी रडले असते तर त्या कुणाच्या आधारावर उभ्या ऱ्हाणार हुत्या? आन् हिचं काय झालं असतं?" तिनं मागं पाहिलं. बाळ झोपलेलं होतं. "म्हटलं, सुटका हुस्तवर आपणबी गप बसावं. आता झाली. आता लिवा."

मी इतक्या सुबक अक्षरात तिलाच सांगून टाकलं होतं. एक ओळ लपवायची तर तिच्या शेजारच्या चार ओळी तरी ठेवायच्या असतात, एवढंही मला कळलं नव्हतं. मला खूप लाज वाटली आणि तिच्यासमोर रडायचाही मला अधिकार नव्हता.

"मावशींना काय सांगू?" मी विचारलं.

"तुमी काय सांगू नका. रोजच्यासारकं मी वाचून दावीन."

मी परत फळ्याशी गेले. श्री. पुसलं, कै. लिहिलं. देशाच्या भागात गोळीबाराची ओळ घातली आणि जन्माच्या वरच्या खान्यात मृत्यूची ओळ लिहिली. अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी ती वाचली, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तिथेच उभे राहिले.

दिवे लागायच्या सुमारास तानुमावशी नदीवरून आली. बादली ठेवली, हात-पाय धुतले, नातीला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. मी आत जायला हवं होतं, पण फळ्याशेजारीच उभी राहिले.

"आज लई दाट लिवलंया बाईंनी," ती म्हणाली. "वाच बघू."

शेवंतेनं खिडकीतून वाचायला सुरुवात केली. नकली चंद्र सोडायची तयारी. जिनिव्हा, अणुशक्तीची परिषद. झुरिक, सुदान, मोरोक्को, अमेरिकेतले पूर. मग देश वाचला. त्यात पंधरा तारखेच्या गोळीबाराची ओळ आज होती, तीही वाचली. तानुमावशीचा बाळाला थोपटणारा हात थांबला.

"गाव," शेवंता वाचत होती. "मृत्यू. पंधरा ऑगस्ट. ज्ञानू मारुती सुतार, वय अठ्ठावीस, गोव्याच्या हद्दीत गोळी लागून." ती अडखळली नाही. "जन्म. अठ्ठावीस ऑगस्ट. कै. ज्ञानू मारुती सुतार यांना मुलगी."



"परत वाच," तानुमावशी म्हणाली.

शेवंतेनं दोन्ही ओळी परत वाचल्या.

"कवापासनं ठावं हुतं तुला?"

"सतरापासनं."

"आन् कुंकू लावून बसत हुतीस व्हय गं," तानुमावशी म्हणाली. ती बाळाला घेऊन उठली, आत गेली. खिडकीच्या उजेडात मला तिचा हात सुनेच्या डोक्यावर ठेवलेला दिसला. "रड आता. रड बाय. आता कुणापसनं लपवायचं न्हाई."

शेवंता रडली. चौदा दिवसांचं रडणं होतं ते. आसपासच्या घरांतून बायका निघून त्या दाराशी आल्या, आणि कुणी आत गेलं नाही.

थोड्या वेळानं तानुमावशी बाहेर आली. तिच्या काखेत ती फळी होती. पावसातून बोळ ओलांडून ती माझ्यासमोर आली. तोपर्यंत आडव्या सरी फळ्याच्या उघड्या डाव्या बाजूवर येऊन गावाच्या खान्यातली अक्षरं ओघळायला लागली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठली ओळ ती तिला नेमकी कळली. तिनं त्या ओळीला हात लावला नाही, फक्त फळी माझ्या हातात दिली.

"ही कुणाकडनं तरी आत्ताच ठोकून घ्या, बाई," ती म्हणाली. "माझ्या ज्ञानूचं नाव भिजाय लागलंया."